रेल्वे पाहण्यासाठी दूरदेशी जाणाऱ्यांनो, वाटेत बार्शी लागते

१/ हिंजवडीहून माणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मेट्रोच्या खांबांलगतच्या चहाच्या टपरीवर मी एकच संभाषण निरनिराळ्या तोंडून ऐकले आहे. कुणी कंपनीच्या कामासाठी जर्मनीला जाऊन आलेला असतो, कुणी रजा साठवून जपानला. मंदिरे, संग्रहालये, बाजार यांचे वर्णन दोन वाक्यांत उरकते आणि बोलणे रेल्वेवर येते. शिंकान्सेन फलाटावर नेमकी कुठे थांबली, दार आखलेल्या खुणेसमोरच कसे उघडले, हे सांगताना चहा निवून जातो. शेवट मात्र ठरलेला: "आपल्याकडे असे कधी होणार?"

२/ केवळ रेल्वे पाहण्यासाठी दूरच्या देशी जावेसे वाटणे मला मुळीच पोरकट वाटत नाही. इतिहासाची आवड असणाऱ्याने तर ही हौस जोपासावी, असे माझे मत आहे. माझा आक्षेप आहे तो त्या शेवटच्या वाक्याला. "त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही" एवढेच गाठोडे बांधून परतणाऱ्याने अर्धाच प्रवास केला, असे मी म्हणेन. उरलेला अर्धा कुठे आहे, ते या थ्रेडमध्ये सांगतो. त्यासाठी टोकियो, स्टॅफर्डशायर आणि स्वित्झर्लंडमधून कुर्डुवाडीला यावे लागेल.

३/ आधी त्या ओढीविषयी. आपल्या गावच्या रेल्वेत आपण प्रवासी असतो. जागा मिळेल का, गाडी वेळेवर येईल का, याच विवंचनेत असतो. परक्या देशात तीच व्यक्ती निरीक्षक होते. तिकिटाचा आकार, स्थानकावरील घड्याळ, रुळांमधील अंतर, गार्डच्या हातातील शिट्टी, सारे काही नव्याने दिसू लागते. लोहमार्ग आखताना कोणते गाव जोडायचे, कोणते वगळायचे, पैसा कुणाचा आणि श्रम कुणाचे, हे सगळे ठरवावे लागते. म्हणून तो पाहणे म्हणजे एका समाजाने घेतलेले निर्णय पाहणे होय.

४/ ही ओढ एकदिशी नाही. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिने ऑगस्ट १९६८ मध्ये निवृत्त झाली. त्यानंतर तिथले कितीतरी शौकीन वाफेच्या शोधात भारतात येऊ लागले, कारण आपल्याकडे ही इंजिने १९९० च्या दशकापर्यंत धावत होती. पुढे चीनमधील जितोंग मार्गावर २००५ च्या अखेरीपर्यंत वाफेच्या मालगाड्या चालत, तेव्हा मंगोलियाच्या सीमेकडील हाडे गोठवणाऱ्या थंडीत जगभरचे लोक कॅमेरे रोखून उभे राहत. ज्या गाडीकडे स्थानिक मनुष्य मान वळवूनही पाहत नाही, तिच्यासाठी कुणीतरी हजारो किलोमीटर ओलांडून येतो.

५/ आता जपान. ठाण्याला पहिली गाडी गेली १६ एप्रिल १८५३ रोजी. जपानचा पहिला मार्ग, शिम्बाशी ते योकोहामा, सुरू झाला ऑक्टोबर १८७२ मध्ये. म्हणजे ज्या देशाची रेल्वे पाहायला आपण आज जातो, त्याच्या १९ वर्षे आधी आपल्याकडे गाडी धावली होती. एवढे वाचून अभिमानाने छाती फुगवण्याचे कारण नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: एवढी आघाडी असताना पुढे काय झाले?

६/ एप्रिल १८६३ मध्ये भोर घाटातील रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी जपानच्या चोशू प्रांतातील पाच तरुण चोरून इंग्लंडला निघाले. त्या काळी परवानगीवाचून देश सोडणाऱ्या जपानी माणसाला देहदंडाची शिक्षा होती. त्यांच्यापैकी इनोउए मासारू याने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात खाणकाम व रेल्वे यांचा अभ्यास केला, १८६८ मध्ये तो मायदेशी परतला आणि पुढे जपानच्या रेल्वेचा प्रमुख झाला. टोकियो स्थानकासमोर आज त्याचा पुतळा आहे. शिंकान्सेन पकडायला धावणारे आपले मित्र बहुधा त्याच्याजवळूनच जातात.

७/ जपानचा पहिला मार्गही ब्रिटिश अभियंत्यांनीच बांधला, हे विसरू नये. परंतु १८८० मध्ये क्योतो–ओत्सु मार्गावरील ओसाकायामा बोगदा जपानी अभियंत्यांनी परकीयांच्या मदतीवाचून पूर्ण केला. पहिली गाडी धावल्यानंतर अवघ्या आठ वर्षांत. पाहायला गेलेला मनुष्य परत आला आणि त्याच्या हाती काम सोपवणारे सरकार घरी होते, हे त्यामागचे कारण.

८/ मुंबईत जिज्ञासा कमी होती काय? वाडिया घराण्यातील जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण १८३८ मध्येच जहाजबांधणी शिकण्यासाठी इंग्लंडला गेले आणि १८४१ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन लंडनमध्ये छापले गेले. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४० च्या दशकात खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट अग्रभागी होते. पण ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी लंडनची, भागधारक तिकडचे, आणि त्यांच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी १८४९ च्या करारान्वये दिलेली. ती हमी पुरवायची भारताच्या महसुलातून. वरच्या अभियंत्यांच्या जागा साहेबांसाठी.

९/ तेव्हा "आपल्याकडे असे का नाही?" या प्रश्नाचे एक ऐतिहासिक उत्तर असे आहे: आपल्याकडे रेल्वे लवकर आली, पण ती चालवण्याचे आणि बांधण्याचे निर्णय आपल्या हाती फार उशिरा आले. हे उत्तर आजच्या प्रत्येक दिरंगाईची सबब म्हणून वापरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण आपल्या लोकांना जमतच नाही, असे टपरीवरचे निदानही तितकेच चुकीचे आहे. याचा पुरावा आपल्याच पंक्तीतल्या एका छोट्या रेल्वेने दिला आहे. तिचे नाव बार्शी लाइट.

१०/ एव्हरर्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. बार्शी त्या काळी कापसाची मोठी पेठ होती. पण मुंबई–मद्रास मार्ग तिला बगल देऊन गेलेला. सर्वांत जवळचे स्थानक होते बार्शी रोड, म्हणजेच आजचे कुर्डुवाडी. या सुमारे ३५ किलोमीटरच्या अंतरासाठी कॅलथ्रॉपने अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या नॅरोगेज मार्गाची योजना मांडली. १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये गाडी धावू लागली.

११/ अरुंद रूळ ही काही नवलाई नव्हती. कॅलथ्रॉपची खरी करामत वजनाच्या हिशेबात होती. इंजिन असो, मालडबा असो वा प्रवासी डबा, प्रत्येक आसावर ५ टनांहून अधिक भार पडता कामा नये, हा त्याचा नियम. इंजिनाचे वजन अनेक चाकांवर वाटून दिले, डबे लांब आणि पोलादी सांगाड्याचे केले. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरले आणि तरीही भरपूर माल वाहता आला. लीड्सच्या किट्सन कारखान्यात इंजिने तयार झाली. जहाजावर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ अंथरून चाचण्या घेतल्या गेल्या.

१२/ मार्ग वाढत गेला. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये निजामाच्या मुलखातील लातूर, १९२७ मध्ये मिरज. एकूण सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. आषाढी-कार्तिकीला वारकरी, एरवी कापूस, धान्य आणि बाजारकरी. १९५४ मध्ये सरकारने ही कंपनी विकत घेतली. पण लोकांच्या तोंडी ती बार्शी लाइटच राहिली. सोलापूर–लातूरकडील कुठल्याही घरात आजी-आजोबांना विचारून पाहा, तिच्या संथ चालीच्या दोन तरी गोष्टी हमखास ऐकायला मिळतील.

१३/ आता कथेला वळण मिळते. १८९६ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये हलक्या रेल्वे बांधणे सोपे झाले. स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातून एक छोटा मार्ग काढायचा होता. अभियंता म्हणून कुणाला नेमले? बार्शीच्या कॅलथ्रॉपला. जून १९०४ मध्ये सुरू झालेल्या या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचे गेज होते तेच, अडीच फुटी. इंजिने त्याच किट्सन कारखान्याची. त्यांच्यावर उष्ण देशातील इंजिनांसारखे भलेमोठे दिवे, आणि पिवळट रंगाच्या डब्यांना वसाहतीतल्या गाड्यांसारखे टोकाशी सज्जे.

१४/ क्षणभर थांबून याचा अर्थ लक्षात घ्या. ज्ञान नेहमी लंडनहून मुंबईला आले, असे आपण गृहीत धरतो. इथे मात्र बार्शीच्या माळरानावर सिद्ध झालेली पद्धत इंग्लंडच्या दरीत गेली. अभियंता इंग्रज होता, इंजिने लीड्सची होती, हे खरेच. पण ती कल्पना ज्या जमिनीवर, ज्या मालाच्या ओझ्याखाली आणि ज्या कामगारांच्या हातांनी कसाला लागली, ते सर्व इथले होते. बार्शी ही प्रयोगशाळा होती आणि स्टॅफर्डशायरला तिचा निष्कर्ष मिळाला.

१५/ मॅनिफोल्डच्या खोऱ्यात कॅलथ्रॉपने आणखी एक सुधारणा केली. गेज बदलले की माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागतो. कुर्डुवाडीला ही कटकट कायमची होती. इंग्लंडमध्ये त्याने नॅरोगेजच्या खास वाहक डब्यांवर मोठ्या गेजचा आख्खा डबाच चढवून नेण्याची सोय केली. तिथला मुख्य माल होता दूध. तरीही लोकवस्ती विरळ, मोटारींची स्पर्धा वाढती. १९३४ मध्ये तो मार्ग बंद पडला. तीस वर्षांचे आयुष्य. बार्शीची गाडी मात्र शंभरी ओलांडून धावत राहिली.

१६/ (जाता जाता: कॅलथ्रॉपने नंतर वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाची हवाई छत्री विकसित केली. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान अपघातात मरण पावला, त्या धक्क्यातून त्याने हे काम हाती घेतले. बार्शीच्या रुळांपासून हवाई छत्रीपर्यंतचा हा प्रवास स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे.)

१७/ आज त्या खोऱ्यात रूळ नाहीत. १९३७ पासून तो मार्ग पायवाट म्हणून लोकांसाठी खुला आहे. लोक तिथे चालतात, सायकली चालवतात. हल्म एंड येथील जुन्या स्थानकात माहिती केंद्र आहे. लंडन पाहायला जाणाऱ्या मराठी माणसाने एक दिवस काढून तिथे जावे, असे मला मनापासून वाटते. नसलेली गाडी पाहायला इतक्या दूर का जायचे, असे कुणी विचारील. बार्शीचे एक पान तिथे जपून ठेवलेले आहे, म्हणून.

१८/ दूरची रेल्वे आपल्याला आपल्याच रेल्वेविषयी नवे प्रश्न विचारायला लावते. दुसरे उदाहरण घ्या. स्वित्झर्लंडमधील १५ किलोमीटर लांबीचा गोट्टहार्ड बोगदा १८८२ मध्ये सुरू झाला. तो खणताना सुमारे २०० मजूर मृत्युमुखी पडले. कंत्राटदार लुई फाव्हर स्वतः १८७९ मध्ये बोगद्याची पाहणी करताना आतच कोसळून मरण पावला. बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी, ऐरोलो स्थानकाजवळ, विन्चेन्झो व्हेला या शिल्पकाराचे एक ब्राँझचे उठावशिल्प आहे: मृत सहकाऱ्याला वाहून नेणारे खाणमजूर.

१९/ आता भोर घाट आठवा. १८५६ ते १८६३ एवढ्या काळात २५ बोगदे, चढ ठिकठिकाणी ३७ फुटांत १ फूट. जानेवारी १८६१ मध्ये एकाच वेळी ४२,००० मजूर कामावर होते. पटकी, ताप आणि अपघात यांनी हजारो गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. कंत्राटदाराच्या पत्नीचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या हजारोंपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

२०/ पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्यानंतर बोगदे सुरू होतात तेव्हा मुले ओरडतात, मोठे मोबाइलची रेंज गेली म्हणून चुकचुकतात. मी स्वतः शेकडो वेळा तसाच गेलो आहे. ऐरोलोच्या त्या शिल्पाविषयी वाचल्यानंतर मात्र मंकी हिलच्या परिसरातून गाडी उतरू लागली की मी खिडकीबाहेर पाहतो. दूरच्या देशाने मला जवळचा घाट दाखवला, तो असा. परदेशी रेल्वे पाहण्याचे खरे फळ हे आहे.

२१/ तिसरे उदाहरण छोटे, पण गमतीचे. जपानमध्ये मोटरमन आणि रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. चुका टाळण्याची ही पद्धत पाहून आपले पर्यटक थक्क होतात, व्हिडिओ काढतात. पण डेक्कन क्वीनच्या इंजिनातही लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल मोठ्याने उच्चारून, हाताने खूण करून एकमेकांना सांगत असतात. फरक एवढाच की आपण त्या वेळी चौथ्या डब्यात ऑम्लेटची वाट पाहत असतो.

२२/ पाहणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ मराठीत फार पूर्वीच घालून दिलेला आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तो खंड पूर्वेपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पालथा घातला आणि परतल्यावर १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. एवढा प्रवास रेल्वेनेच झाला. पण त्यांची नजर यंत्राच्या झगमगाटावर खिळली नाही. तिथल्या स्त्रिया काय करतात, संस्था कशा चालतात, हे त्यांनी टिपले. मायदेशी परतताच मुंबईत शारदा सदन सुरू केले. नुसती तुलना करून त्या थांबल्या नाहीत.

२३/ यावर एक रास्त आक्षेप येईल: हे सारे स्मरणरंजन आहे, नॅरोगेज गेले ते बरेच झाले. मला ते मान्य आहे. बार्शी लाइटचे मार्ग या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. जुन्या रुळांनी वगळलेले धाराशिव शहर नव्या आखणीत रेल्वेवर आले. रोज प्रवास करणाऱ्याला वेग हवा असतो, आठवणी नव्हेत. बार्शी लाइट परत आणा, अशी माझी मागणी नाही. ती काय होती, हे ठाऊक असावे, एवढीच आहे. ते ठाऊक असणे व्यवहारातही कसे उपयोगी पडते, ते आता पाहा.

२४/ एप्रिल २०१६. लातूर शहर दुष्काळात होरपळत होते. नळ कोरडे पडले होते. मिरजेत कृष्णेचे पाणी टँकर वॅगनींमध्ये भरून लातूरला नेण्याचे ठरले. कोट्याहून वॅगनी स्वच्छ करून आणल्या. सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन १० वॅगनींची पहिली गाडी १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोहोचली. 'जलदूत' हे तिचे नाव. मार्ग: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. अंतर सुमारे ३४० किलोमीटर.

२५/ ही नावे वर कुठे वाचली होती, आठवते? मिरज आणि लातूर ही बार्शी लाइटची दोन टोके. कापूस आणि वारकरी यांच्यासाठी शतकापूर्वी आखलेल्या मार्गानेच तहानलेल्या शहराला पाणी मिळाले. मार्ग ब्रॉडगेज झाला नसता तर त्या वॅगनी मिरजेतून पुढे सरकल्याच नसत्या. आणि मुळात बार्शी लाइट झाली नसती तर रुंद करण्यासाठी मार्गच नसता. जुने आणि नवे यांपैकी एकाची बाजू घेण्याचा हट्ट इथे निरर्थक ठरतो. आधीच्या माणसांनी घेतलेले निर्णय असे पुढच्यांच्या उपयोगी पडतात.

२६/ म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. जपानला जा, स्वित्झर्लंडला जा, जमल्यास हल्म एंडलाही जा. पण जाण्यापूर्वी एक सुटी काढून मिरजेहून कुर्डुवाडीमार्गे लातूरपर्यंत गाडीने जा. कुर्डुवाडीच्या फलाटावर उतरून आपण कुठे उभे आहोत, हे स्वतःला सांगा. त्यानंतर टोकियोला गेलात तर इनोउएच्या पुतळ्यापाशी तुम्ही नक्की थांबाल. परत आल्यावर तुमचा प्रश्नही बदललेला असेल: त्यांनी हे निर्णय कसे घेतले, आणि आपण आता कोणते घेत आहोत?

२७/ हिंजवडीत हा प्रश्न पुस्तकी नाही. माण ते शिवाजीनगर हा सुमारे २३ किलोमीटरचा मेट्रोमार्ग आपल्या डोळ्यांदेखत उभा राहिला. तो कुठून न्यायचा, स्थानके कुठे ठेवायची, कोणती वस्ती जोडायची आणि कोणती राहू द्यायची, हे निर्णय आपल्या काळात, आपल्या नावावर घेतले गेले. शंभर वर्षांनी एखादा विद्यार्थी त्यांचा अभ्यास करील. खांबांखालच्या कोंडीत अडकून आपण वैतागतो ते साहजिक आहे. पण पुढच्या वेळी चहा घेताना मान वर करून तो मार्ग जरा नीट पाहा. पाहायला शिकायचे तर दूर जाण्याआधी इथूनच सुरुवात करता येते.

२८/ शेवटी एक विनंती. ज्यांच्या घरी बार्शी लाइटच्या आठवणी आहेत, जुनी तिकिटे किंवा छायाचित्रे आहेत, त्यांनी ती इथे खाली जरूर लिहावीत, दाखवावीत. गाडीत वाफेच्या इंजिनाचे कोळशाचे कण डोळ्यांत गेलेली पिढी आता फार उरलेली नाही. त्यांचे बोलणे उतरवून घेण्यासाठी पासपोर्ट लागत नाही.